भाऊच्या बाजूची रिंग

तुमच्या मोहल्ल्यातल्या क्रीडा मंडळाचा अध्यक्ष कोण आहे, हे तुम्हाला खरंच माहीत आहे का? फलकावर रंगवलेलं नाव सांगू नका. ज्याच्या हस्ते नारळ फुटतो त्याचंही नको. ज्याची भुवई वर गेली की मंजूर झालेला ठराव नामंजूर होतो, त्या माणसाचं नाव विचारते आहे.

आमच्याकडे फलकावर गांधीबागेतले एक कापडाचे व्यापारी होते. ते वर्षातून एकदा यायचे, हार घालून घ्यायचे, बॉल एकदा जमिनीवर आपटून स्पर्धेचं उद्घाटन करायचे, आणि उसळलेला बॉल चुकवताना त्यांची टोपी पडली की लोक मनापासून टाळ्या वाजवायचे. त्यांच्याखाली सचिव होते, सचिवांखाली कार्यकारिणी होती, कार्यकारिणीच्या बैठका होत्या आणि बैठकीला चिवडा होता. पण हा सगळा डोलारा ज्याच्या मर्जीवर उभा होता, तो कार्यकारिणीचा सभासदही नव्हता. तो आमच्या बास्केटबॉल टीमचा सेंटर होता, रिंगजवळ खेळणारा. वय पंचविशीचं, उंची सव्वासहा फूट, नोकरी रेल्वेत. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. साठी उलटलेले सचिवसुद्धा त्याला भाऊच म्हणायचे, आणि म्हणताना मान वर करावी लागते म्हणून की काय, थोडे हात जोडल्यासारखेच दिसायचे.

आमची विणकरांची वस्ती. एका गल्लीत हातमागांची खटखट आणि दुसऱ्या गल्लीत बॉलची धपधप, यात माझं लहानपण गेलं. प्रॅक्टिस कधी होणार हे भाऊच्या ड्यूटीवर ठरे. भाऊ झोपला असेल तर टीम झोपे. एका फायनलमध्ये हिरव्या बनियनवर तो हरला, तर पुढच्या वर्षी अख्खी टीम पिवळी झाली. कॅप्टन तो कधी झाला नाही, कारण कॅप्टनला पंचांशी बोलावं लागतं. कॅप्टन कोण हे ठरवणं त्याला जास्त आवडायचं. टीममधली एक जागा त्याच्या साळ्यासाठी, म्हणजे बायकोच्या भावासाठी, कायम होती. बॉल आपल्याकडे येताना दिसला की या गृहस्थाला डोळे मिटायची सवय होती.

आणि हे सगळं चालायचं एका वाक्यावर. दर दसऱ्याला भाऊ सचिवांच्या घरी सोनं द्यायला जायचा. आपट्याची पानं त्यांच्या हातावर ठेवता ठेवता सहज म्हणायचा, "पलीकडच्या मोहल्लेवाले बोलावून राहिले मले." झालं. सचिवांची वर्षभराची झोप तेवढ्यावर उडायची.

खरं तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई जळते. भाऊ खेळायचा सुंदर. कोपऱ्यातून तो शॉट मारायचा तेव्हा बॉल रिंगला न शिवता जाळीतून उतरायचा, आणि तो आवाज ऐकायला मागावरची माणसं धोटा तसाच ठेवून उठून यायची. मीही जायची. गुणी माणसाला मान द्यायला माझी हरकत नव्हती. माझं म्हणणं एवढंच होतं, की माणूस बॉल चांगला टाकतो म्हणून इतरांनी कुठे उभं राहायचं हेही त्यालाच का विचारावं?

हे असलं म्हणणं माझ्या डोक्यात आलं कुठून, तर पत्रकांतून. माझे वडील हातमाग कामगारांच्या संघटनेचं काम करायचे. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मिठाच्या बरणीवर झाकण म्हणून पत्रक, फळीवर अंथरायला पत्रक, दाराला फट पडली तर तीत पत्रक. अक्षरओळख मला त्यांवरच झाली. ‘धिक्कार’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी लिहिता यायचा, असं आई अजून सगळ्यांना सांगते आणि सांगताना तिला त्याचा अभिमान वाटतो की काळजी, ते कळत नाही.

आता मैदानाविषयी. ते मातीचं होतं. दर वर्षी पाऊस गेला की दसऱ्याच्या सुमाराला, दिवाळीतल्या स्पर्धेच्या आधी, मंडळ एक दिवस ठरवायचं आणि वस्तीतल्या सगळ्या बाया मिळून मैदान सारवायच्या. शेण आणि पांढरी माती. माती पारशिवनीकडची लागायची, कारण अध्यक्षांची तिकडे शेती होती आणि कारण भाऊच्या पायाला दुसरी माती मानवत नसे. पश्चिमेच्या रिंगखाली भाऊ उड्या घ्यायचा, म्हणून तिथे त्याच्या सांगण्यावरून गाडीभर माती जास्त पडायची. पायाला मऊ लागावं म्हणून. ती भाऊची बाजू.

आम्हा मुलींचीही टीम होती. मैदान ज्या बाया सारवत होत्या त्यांच्याच लेकी आम्ही, पण संध्याकाळ भाऊची असल्यामुळे आमच्या वाट्याला सकाळ यायची, तीही नळ येण्याच्या आधीची. त्यातही पूर्वेच्या अर्ध्या मैदानावर सकाळी ताणे पसरून पाजणी चालायची. सुताला खळ लावून ते उन्हाच्या आधी वाळवायचं असतं. त्या सुतात बॉल गेला असता तर आमच्या आयांनीच आमची पाजणी केली असती. म्हणून आम्ही कायम पश्चिमेच्या, भाऊच्या बाजूच्या रिंगवर खेळायचो.

आमच्यात सगळ्यात चांगली खेळायची ती माझी मैत्रीण. तिच्या घरी दोन माग होते. एक बंद पडला होता आणि दुसऱ्यावर वडील एकटे बसायचे. ती लहानपणापासून घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि सकाळी बास्केट करायची, दोन्ही सारख्याच न बोलता. त्या वर्षी बातमी आली की रामदासपेठेतल्या एका सरकारी कचेरीत बायकांची टीम उभी राहते आहे. दिवाळीच्या आधी चाचणी. निवड झाली तर नोकरी. तिच्या घरच्यांनी तिला सरळ सांगून टाकलं होतं. निवड झाली तर नोकरी कर. नाही झाली तर तुळशीचं लग्न झालं की उमरेडच्या स्थळाला होकार कळवतो. ते स्थळ वाईट नव्हतं. त्यांच्याकडे तीन माग होते आणि तिन्हीला कांड्या लागत होत्या.

भादव्यात एका रविवारी आम्ही दोघी एका सायकलवर रामदासपेठेत गेलो, चाचणीचं मैदान बघायला. सिमेंटचं होतं. चौकीदार भला माणूस निघाला, त्यानं खेळू दिलं. तिनं पहिला शॉट मारला, तो रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आला. दुसराही तसाच. तिसरा तर रिंगपर्यंत पोचलाच नाही. इतकी वर्षं तिला एवढं चुकताना मी पाहिलं नव्हतं. घामेजून ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "इथची रिंग उंच आहे वं."

हे ऐकून मला नवल वाटलं नाही, कारण आमच्या वस्तीत हे सर्वमान्य सत्य होतं. बाहेरच्या रिंगा उंच असतात. अमरावतीला उंच, जबलपूरला उंच, अकोल्याला तर फारच उंच. आमची टीम कुठूनही हरून आली की भाऊ हेच सांगायचा. एकदा तर कार्यकारिणीनं चिवडा खात निषेधाचा ठरावही केला होता, की यजमान मंडळांनी रिंगा नियमात बसवाव्यात.

पण त्या दिवशी परत येताना, सायकलच्या मागे बसून, मला पहिल्यांदा विचार पडला. सगळ्या जगाच्या रिंगा उंच आणि आमचीच तेवढी बरोबर, हे कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्याकडून टेप आणली. मैत्रीण माझ्या खांद्यावर उभी राहिली. दहा फूट हवी ती रिंग चांगली वीतभर कमी भरली. रिंग खाली आली नव्हती, खांब होता तिथेच होता. आमच्या आयांनी, मावश्यांनी, काकवांनी वर्षानुवर्षं सारवून सारवून जमीनच वर आणली होती आणि भाऊच्या मऊ मातीनं उरलेलं काम केलं होतं. पूर्वेचं टोक फार तर चार बोटं उठलं होतं. सगळी मौज भाऊच्या बाजूला होती.

आमचे कोच म्हणजे निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. हा खेळ वस्तीत त्यांनीच आणलेला. टेपवरचा आकडा त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "पोरी, मी आलो तवा उडी मारूनबी बोर्ड माह्या हाताले लागत नव्हता. आता लागते. मले वाटलं, म्हातारपणी आपली उडी सुधारून राहिली."

मागणी साधी होती. या वर्षी सारवण्याऐवजी पश्चिमेची बाजू खोदून मूळ पातळीवर आणा. चाचणीपर्यंत मुलीला खऱ्या उंचीवर हात बसवायला जेमतेम दिवस मिळतील. मी आणि मास्तर बैठकीत गेलो. कार्यकारिणीनं टेपचा हिशेब ऐकला. कोणी तो खोटा म्हटला नाही. सचिव तर म्हणाले की पोरीचं कल्याण व्हावं असं त्यांना मनापासून वाटतं. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर भाऊ सायकलच्या कॅरिअरवर बसून शेंगदाणे खात होता.

"भाऊचं काय म्हणणं आहे?" सचिवांनी विचारलं.

भाऊनं टरफल फुंकलं. "रिंग खाली आली काय? नाही. मैदान वर आलं. मैदान आपलं आहे. आपलं मैदान वर आलं तर तुमच्या पोटात काहून दुखते?"

मास्तर म्हणाले की नियम म्हणजे नियम आणि ते स्वतः उभे राहून खोदून घेतील.

"मंग या साली मास्तरच खेळतील," भाऊ म्हणाला. "दसरा येऊनच राहिला, सचिव साहेब. सोनं द्याले येतो."

पुढच्याच आठवड्यात मंडळानं मास्तरांना काढलं. तसं नाही म्हणायचं. मंडळानं मास्तरांचा सत्कार केला. मंडप, सतरंजी, शाल, श्रीफळ, अध्यक्ष स्वतः हजर. दीर्घ सेवा, थकलेली गात्रं, विश्रांतीचा हक्क, असं सचिव फार छान बोलले. भाषणाच्या मध्यावर कुठेतरी मास्तरांच्या लक्षात आलं की आपण निवृत्त झालो आहोत. तोपर्यंत शाल खांद्यावर पडली होती आणि हातात नारळ असल्यामुळे त्यांना हात वर करून बोलताही येईना. नवे कोच म्हणून भाऊच्या साळ्याचं नाव पुकारलं गेलं. कोचनं डोळे मिटले तरी चालतं, असं कार्यकारिणीचं मत पडलं असावं.

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. आजवर वाचलेलं सगळं त्यात ओतलं. उंचीच्या मक्तेदारीचा धिक्कार केला, शेणामातीच्या आड लपलेल्या हुकूमशाहीचा बुरखा फाडला, समस्त खेळाडू बंधू-भगिनींना साखळदंड तोडायला सांगितले. वडिलांनी चष्मा लावून ते वाचलं. त्यांनी आयुष्यात अशी पत्रकं पोत्यानं वाटली होती.

"झकास लिहिलं," ते म्हणाले. "कुठं खोदाचं आन् किती, ते तेवढं लिहायचं राहिलं."

तरी मी हट्टानं ते वाटलं. संध्याकाळी चौकात भजी घेतली, तर ती माझ्याच धिक्कारात बांधून मिळाली. भजी चांगली होती.

माझं पत्रक जे करू शकलं नाही ते माझ्या मैत्रिणीनं न लिहिता केलं. दुपारी ती कांड्यांची टोपली घेऊन घरोघर बसायला लागली. हात चालू ठेवायची आणि बायांना सांगायची की रिंग वीतभर खाली आहे, दिवाळीआधी चाचणी आहे, आणि तिथे शॉट कमी पडला तर पुढची सगळी वर्षं उमरेडला कांड्या आहेत. बस, एवढंच. यात साखळदंड नव्हते, पण दुसऱ्या दिवशी ते सगळ्या गल्लीला पाठ होतं. अडचण एकच होती. तिची स्वतःची आई काही बोलत नव्हती. उमरेडचं स्थळ तिनंच आणलेलं होतं.

दसरा झाला. सारवण्याचा दिवस उजाडला. पारशिवनीच्या मातीची बैलगाडी येऊन उभी होती, शेणाची घमेली भरलेली होती. बाया येऊ लागल्या, आणि बघते तर कोणाच्या हातात फावडं, कोणाच्या हातात खुरपं, एकीकडे तर नुसताच विळा. सगळ्यात शेवटी मैत्रिणीची आई आली. तिच्या खांद्यावर कुदळ होती. सचिव धावत पुढे आले आणि म्हणाले की बाई, मंडळाच्या परवानगीशिवाय मैदानाला हात लावता येत नाही.

"लग्न होऊन आली तेव्हापासून सारवून राहिली मी हे," ती म्हणाली. "तवा नाही विचारलं कोणी परवानगीचं. आम्ही सारवलं, आम्हीच खरवडू."

आणि तिनं कुदळ घातली.

कोणीतरी भाऊला उठवून आणलं. तो आला, बॉल कमरेवर टेकवून बरोबर रिंगसमोर जाऊन उभा राहिला आणि दुसरा हात पसरून म्हणाला, "खोदा आता."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. अशा वेळी कामगार संघटनेत घोषणा देतात. इथे पदर खोचले गेले. त्या त्याच्या भोवतीनं खोदू लागल्या.

ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. जमीन पापुद्र्यापापुद्र्यानं निघत होती, काळा थर, पांढरा थर, पुन्हा काळा, प्रत्येक दिवाळीचा एक. ऊन वर आलं. पोरी घमेल्यांनी माती बाहेर टाकत होत्या, बैलगाडीवाला बिडी ओढत बघत होता. चहा आला, तो बायांनी प्याला, भाऊलाही दिला. त्यानं उभ्यानंच प्याला. दुपार होईपर्यंत सगळी बाजू खाली गेली आणि मधोमध एक गोल ओटा उरला, परातीएवढा. त्यावर आमचा सेंटर. एरवी उंच, आता आणखी वीतभर उंच, देवळाबाहेर ठेवलेल्या मूर्तीसारखा.

एक म्हातारी खुरपं टेकून त्याच्याकडे बघत होती. भाऊ लहान असताना तिनं त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

"उतर गा आता," ती म्हणाली. "तुह्या पायाखालचं तेवढं राहिलं."

बाया हसल्या. भाऊ हसला नाही. त्यानं ओट्यावरूनच बॉल उचलला आणि शॉट मारला. बॉल रिंगला न शिवता जाळीतून उतरला, तोच तो आवाज. त्यानं आमच्याकडे विजयानं पाहिलं. मग तो खाली उतरला, उघड्या पडलेल्या जुन्या जमिनीवर उभा राहिला आणि तसाच शॉट मारला. बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत त्याच्याकडे आला. त्यानं पुन्हा मारला. पुन्हा परत आला.

आता कोणी हसत नव्हतं. मला वाटलं होतं त्या क्षणी मला फार आनंद होईल. तसा झाला, पण थोडाच.

"बॉल जड झाला आहे," भाऊ म्हणाला आणि घरी गेला. मैत्रिणीच्या आईनं तो ओटा दोन घावांत काढला.

त्यानंतर मैत्रीण रोज सकाळी खऱ्या उंचीवर खेळली. पहिले काही दिवस सगळं कमी पडायचं. मास्तर शाल घडी करून तीवर कडेला बसायचे आणि बसल्या बसल्याच सांगायचे की गुडघ्यातून जोर घे, खांद्यातून नको. शाल त्यांना या कामी फार उपयोगी पडली. चाचणीच्या दिवशी मी सायकल धरून कुंपणाबाहेर उभी होते. तिचा पहिला शॉट कडेवर नाचला आणि आत पडला. नंतरच्यांचं मला टेन्शन आलं नाही. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी ती रामदासपेठेत नोकरीच्या कागदावर सहीसाठी रांगेत उभी होती, आणि उमरेडवाल्यांनी दुसरीकडे पोरगी बघितली.

त्या दिवाळीत आमची टीम पहिल्याच फेरीत हरली. पुढच्या दसऱ्याला भाऊनं सोनं दिलं आणि या वेळी खरंच पलीकडच्या मोहल्ल्यात गेला. तिथलं मैदानही शेणानं सारवतात.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसले नसते. पण परवा सचिव आणि कार्यकारिणी भाऊला परत आणायला गेली होती. तो यायला तयार आहे. अट एकच, पारशिवनीची माती. मी सचिवांना गाठून विचारलं, तर ते म्हणाले, "फक्त एक बोट माती वं. एका बोटानं काय होते?" त्यांचं खरं आहे. दर वर्षी एका बोटाच्या वर कोणीच कधी मागितलं नव्हतं. आणि माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण आता रोज सकाळी त्याच रिंगवर खेळते.

म्हणून या वेळी मी पत्रक काढत नाही. तुम्हाला एक काम सांगते. येत्या रविवारी तुमच्या मोहल्ल्याच्या मैदानावर टेप घेऊन जा आणि रिंग मोजा. मोजताना तुमचा जो कोणी भाऊ असेल तो समोर उभा असू द्या, आणि आकडा मोठ्यानं वाचा. कमी भरला तर बैठकीची वाट बघू नका, चिवड्याची तर मुळीच नको. घरी जा, कुदळ घेऊन या, आणि त्याच्या भोवतीनं खोदायला लागा.